रेल्वेचे स्लीपर: लोखंडी, लाकडी, बिडाचे की काँक्रीटचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इगतपुरीपासून मनमाडपर्यंतच्या पट्ट्यात रुळाशी कुणाचा ना कुणाचा संबंध असतोच. कुणाच्या घरातलं माणूस रेल्वेत, कुणाचं शेत रुळाला लागून, कुणाचा मुलगा पॉलिटेक्निकला सिव्हिल करतोय. माझी नोकरी रेल्वेमार्गाच्या देखभालीत झाली आणि आता मुक्काम नाशिकरोडला आहे. त्यामुळे स्लीपरबद्दल, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकलेल्या तुळयांबद्दल, मला सतत विचारणा होते, आणि तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा भाग दुसऱ्या प्रश्नात आला असेल तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तर आकडे ब्रॉडगेजचे, म्हणजे १६७६ मिमी. अंतराच्या रुळांचे समजावेत.

१. स्लीपरचं नेमकं काम काय? रूळ थेट खडीवर का टाकत नाहीत?

रुळाचा तळ जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद असतो. मालगाडीच्या एका आसावर आज २२ टनांहून जास्त भार येतो. एवढा भार तेवढ्या पट्टीवरून थेट खडीवर दिला तर रूळ खडीत रुतत जाईल. स्लीपर तो भार घेतो आणि रुंद करून खडीला देतो. त्याचं दुसरं काम दोन रुळांमधलं अंतर कायम ठेवायचं. तिसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही: उन्हात रूळ वाढू पाहतो, ब्रेक लागला की पुढे सरकू पाहतो, वळणावर बाहेर ढकलला जातो. या सगळ्या ओढाताणीत सांगाडा जागच्या जागी धरून ठेवायचा तो स्लीपरने आणि त्याच्या भोवतीच्या खडीने मिळून. मुख्य मार्गावर सध्या किलोमीटरला १६६० स्लीपर टाकतात, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर एक.

२. फलाटावर उभं राहून स्लीपर कशाचा आहे ते कसं ओळखायचं?

नाशिकरोडच्या मुख्य मार्गांवर तुम्हाला काँक्रीटचेच दिसतील. राखाडी रंग, मध्ये थोडा खाली गेलेला, रुळाखाली जाड, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना वळवलेल्या सळईसारखी क्लिप. नीट पाहिलं तर त्यावर बनवणाऱ्याची खूण, वर्ष आणि नकाशाचा क्रमांक ओतलेला सापडतो.

लोखंडी स्लीपर म्हणजे पोलादी पत्रा दाबून केलेलं उलटं घमेलं: वरून सपाट, खालून पोकळ, दोन्ही टोकं खाली वळवलेली. रूळ धरायला त्यावर लोखंडी जबडे आणि त्यांत ठोकलेल्या चाव्या (लोखंडी पाचरी) असतात. बिडाच्या स्लीपरमध्ये प्रत्येक रुळाखाली एकेक ओतीव प्लेट आणि दोघींना जोडणारी लोखंडी पट्टी. दोन रुळांच्या मधोमध नुसती पट्टी आणि खडी दिसली की तो बिडाचाच. लाकडी ओळखायला काहीच लागत नाही. तेलकट काळपट रंग, उभ्या चिरा आणि मोठ्या डोक्याचे खिळे.

जुने प्रकार पाहायचे असतील तर मुख्य मार्गावर नाही, कडेच्या जुन्या साईडिंगवर नजर टाका. मात्र फलाटावरून किंवा फाटकाबाहेरून. रुळावर उतरणं गुन्हा आहे (प्रश्न १७).

३. वजनात आणि टिकण्यात फरक किती?

लाकडी स्लीपर सुमारे ८३ किलो, लोखंडी सुमारे ७९, बिडाचा (पट्टीसकट) सुमारे ८७ आणि काँक्रीटचा सुमारे २६७ किलो. नवे रुंद काँक्रीट स्लीपर याहून जड आहेत. आयुष्य धरायचं ते लाकडाचं १२ ते १५ वर्षं, लोखंडी आणि बिडाच्याचं ४० ते ५०, काँक्रीटचं ५० ते ६०.

हे आयुष्य पुस्तकातलं आहे. खडी स्वच्छ नसेल, पाणी साचत असेल, तर कुठलाही स्लीपर ते गाठत नाही. निफाड-लासलगावच्या काळ्या मातीत पावसाळ्यात खालची माती चिखल होऊन खडीत चढते आणि मग वरचा स्लीपर कशाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

४. आपल्याकडे जंगल होतं, मग लोखंडी स्लीपर आणलेच कशाला?

जंगल होतं, पण रेल्वेची भूक त्याहून मोठी होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६५ मध्ये कसारा-इगतपुरी घाट खुला झाला, आणि त्याच काळात देशभर एकदम मार्ग टाकले जात होते. एका किलोमीटरला हजाराहून जास्त स्लीपर. ते कुजले की बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा तेवढेच. साग, साल, देवदार ही टिकाऊ झाडं त्यात संपत चालली. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस यांच्या हाताखाली सरकारी वनखातं उभं राहिलं, त्यामागे रेल्वेला लाकूड पुरवण्याची चिंता हे एक मोठं कारण होतं.

दुसरा शत्रू वाळवी. आपल्या हवेत क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) न पाजलेलं साधं लाकूड काही वर्षांत आतून पोखरलं जातं आणि वरून धडधाकट दिसतं, हे जास्त धोक्याचं. लोखंडाला वाळवी लागत नाही, आग लागत नाही, खिळ्याचं भोक सैल होत नाही. त्यामुळे गरम मुलखात धातूचे स्लीपर लवकर रुजले. लाकडाची सोय असलेल्या थंड देशांनी तो रस्ता तितका धरला नाही.

५. बिडाचा आणि लोखंडी, दोन्ही धातूच. फरक काय?

फार फरक आहे. बीड ओततात, पोलाद लाटून दाबतात. बीड दाब उत्तम सोसतं, पण हादरा बसला की तडकतं. म्हणून बिडाचे स्लीपर असलेल्या मार्गावर फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्याखाली मुद्दाम लाकडी स्लीपर घालायची पद्धत होती. सांध्यावर चाक आदळतं, तो मार बिडाला झेपत नाही. पोलादी स्लीपर मार सोसतो, वाकला तरी एकदम तुटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बीड पोलादापेक्षा कमी गंजतं, फुटलेल्या प्लेटा वितळवून पुन्हा ओतता येतात आणि ओतकाम साध्या भट्टीतही होतं. बिडाच्या स्लीपरचा सीएसटी-९ हा प्रकार त्याच जोरावर भारतभर पसरला. त्याची खरी अडचण मधली पट्टी. तिच्या खिट्ट्या झिजल्या की दोन रुळांमधलं अंतर हळूहळू बिघडायला लागतं, आणि दर स्लीपरला वेगवेगळं बिघडतं. वेगाच्या गाड्यांना ते चालत नाही. शिवाय त्यात फक्त चावीच बसते. आजची लवचिक क्लिप बसत नाही.

६. लोखंडी स्लीपर चाळीस-पन्नास वर्षं टिकतो, हलका आहे, भंगारालाही भाव येतो. मग मुख्य मार्गावरून काढला का?

हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि यातच सगळं आहे. लोखंडी स्लीपर कमजोर ठरला म्हणून गेला नाही. त्याच्या वरचा रूळ बदलला म्हणून गेला.

पूर्वी रूळ १३ मीटरचे असत. दोन तुकड्यांत फट ठेवत, उन्हाळ्यात ती मिटे, हिवाळ्यात उघडे. पुढे रूळ वितळजोड करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग केले. आता वाढायला फटच नाही. तापमान वाढलं की रूळ लांब होण्याऐवजी आतल्या आत दाबला जातो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंश सेल्सिअसला जवळपास १.८ टन जोर साठतो. ३० अंशांच्या फरकाला एका रुळात ५० टनांहून जास्त, दोन्ही मिळून शंभरावर. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे आणि त्याच निफाडला मे महिन्यात दुपारी रूळ साठ अंशांच्या आसपास तापतो. या दोन टोकांमध्ये तो सगळा जोर कुणीतरी धरून ठेवायचा, नाहीतर रूळ वळवळून बाजूला फेकला जातो.

धरून ठेवायला दोन गोष्टी लागतात: भक्कम वजन आणि कायम दाबून ठेवणारी पकड. वजनाचा हिशेब पाहा. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर लोखंडी मार्गाचं स्लीपरांचं वजन होतं सुमारे १३० टन, काँक्रीटचं सुमारे ४४० टन. पकडीचं तसंच. चावी ठोकली की घट्ट असते, पण गाड्यांच्या थरथरीने सैल होत जाते. काँक्रीटच्या स्लीपरवरची लवचिक क्लिप स्प्रिंगसारखी रुळाच्या तळावर दाबून बसते. मार्क-३ नावाच्या क्लिपचा दाब ८५० ते ११०० किलो, एका स्लीपरवर अशा चार. थरथर झाली तरी दाब टिकतो.

लोखंडी स्लीपरला क्लिप बसतच नाही असं नाही. सुधारित जबडे लावून ती बसवली गेली आणि सलग रुळाखाली असे स्लीपर चाललेही. पण वजनाची बाजू तशीच राहिली, त्यात सिग्नलची अडचण (पुढचा प्रश्न) आणि पोलादाची किंमत. माझं मत विचाराल तर मुख्य मार्गासाठी काँक्रीटचा निर्णय बरोबर होता. मात्र तो निर्णय "काँक्रीट चांगलं, लोखंड वाईट" इतका सोपा नव्हता, हे शिकणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं.

७. लोखंडी स्लीपरमुळे सिग्नल बिघडतो म्हणतात. कसा?

ट्रॅक सर्किट नावाची व्यवस्था असते. दोन्ही रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडतात. गाडी आली की तिचं चाक आणि आस मिळून दोन रूळ जोडतात, वीज मधूनच परत वळते, सर्किट तुटल्यासारखं होतं आणि मागचा सिग्नल लाल पडतो. आता दोन रुळांच्या खाली अख्खा लोखंडी स्लीपर असेल तर गाडी नसतानाही तेच होणार. म्हणून रुळाखाली रबराची आणि जबड्यात नायलॉनची इन्सुलेशन घालावी लागते. एक जरी फाटली तरी सिग्नल लाल. बिघाड सुरक्षित बाजूला होतो, पण गाड्या अडतात आणि किलोमीटरभरात नेमकी कुठली पट्टी फाटली ते शोधणं माणसांचा जीव काढतं.

लाकूड या बाबतीत सगळ्यात सोपं. काँक्रीटमध्येही रबरी पॅड आणि नायलॉनच्या लायनरने (क्लिप आणि रूळ यांमधल्या तुकड्याने) भागतं. जिथे आसमोजणी यंत्रं (अ‍ॅक्सल काउंटर) बसवली आहेत तिथे ही अडचण जवळजवळ संपते, कारण ती यंत्रं रुळातल्या विजेवर अवलंबून नसतात.

८. गंजाचं काय? इगतपुरीच्या पावसात लोखंडी स्लीपर टिकेल का?

नुसत्या पावसाने घाबरू नका. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस होतो, तरी उतार चांगला असेल आणि खडी निचरा देत असेल तर पाणी थांबत नाही. लोखंड खातं ते साचलेलं पाणी, खारी हवा आणि घाण. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे, कोळशाच्या इंजिनांच्या काळात राखेमुळे, आणि डब्यांतले संडास थेट रुळावर उघडे असायचे तेव्हा स्टेशनांच्या आवारात, हे स्लीपर आधी गेले. बायो-टॉयलेट आल्यापासून तो तिसरा त्रास बराच कमी झाला.

चौथं कारण फार जणांना माहीत नसतं. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत पूर्वी १५०० व्होल्टच्या डीसीवर इंजिनं चालत आणि इगतपुरीला इंजिन बदलून पुढे एसी. डीसीचा परतीचा प्रवाह रुळातून जाताना थोडा जमिनीत झिरपतो आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड कुरतडतो. आता सगळीकडे २५ हजार व्होल्टचा एसी असल्याने हा मुद्दा इकडे उरला नाही.

गंज नेहमी वरून दिसत नाही. पत्रा आतल्या बाजूने, रुळाखालच्या जागी पातळ होतो आणि जबड्याच्या भोकाच्या कोपऱ्यातून बारीक चीर निघते. तपासणारा माणूस तिथेच वाकून बघतो.

९. लोखंडी स्लीपरची देखभाल हाताने कशी व्हायची?

दोन कामं, पॅकिंग आणि चाव्या.

पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी घट्ट ठोकणं. रुळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर माणसं उभी राहत, हातात टोकाला चपटा केलेला बीटर, आणि तिरक्या दिशेने खडी स्लीपरच्या पोटात ढकलत. लाकडाखाली सपाट तळ असतो, तिथे काम सरळ होतं. लोखंडी स्लीपर आतून पोकळ. पोटातली खडी पूर्ण भरून गच्च झाली नाही तर तो फक्त कडांवर उभा राहतो. नवा घातलेला लोखंडी स्लीपर म्हणूनच पहिले काही महिने पुन्हा पुन्हा पॅक करावा लागे. एकदा पोट गच्च भरलं, की मग आतला खडीचा गोळा आणि खाली वळवलेली टोकं मिळून तो बाजूला सरकायला फार जोराने विरोध करतो. त्याच्या हलकेपणाची थोडी भरपाई तिथे होते. पॅकिंग झालं की मुकादम लाकडी दांडा स्लीपरवर टाकून आवाज ऐके. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की पुन्हा खोदा.

चाव्यांचं काम कीमनचं. रोज सकाळी आपला ठरलेला पट्टा तो चालत जाई, एक रूळ जाताना, दुसरा येताना. हातोडीचा हलका फटका प्रत्येक चावीवर. घट्ट चावीचा आवाज खणखणीत आणि आखूड येतो, सैल चावी बोदा आवाज करते आणि हातोडी परत उडत नाही. अनुभवी कीमन न थांबता चालत राहतो आणि नेमक्या सैल चावीपाशीच थांबतो. काँक्रीटच्या मार्गावरही कीमन रोज चालतोच, बघायच्या गोष्टी वेगळ्या: क्लिप निसटली का, लायनर सरकलं का, रबर बाहेर आलं का.

१०. काँक्रीटच्या स्लीपरला काही दोष नाहीच का?

आहेत. पहिला म्हणजे वजन, तेच गुण आणि तेच दोष. २६७ किलोचा स्लीपर दोन माणसांनी उचलून टाकायचा नसतो, यंत्र लागतं. पॅकिंगलाही टॅम्पिंग मशीन लागतं, आणि मशीनला काम करायला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो. नाशिक-मनमाडसारख्या गजबजलेल्या मार्गावर ब्लॉक मिळवणं हीच मोठी लढाई असते.

दुसरा, गाडी रुळावरून घसरली की घसरलेली चाकं स्लीपरवरून आदळत जातात. लाकडावर खाचा पडतात, लोखंडी वाकतो, पण काँक्रीट फुटतं. काही वेळा शेकड्याने बदलावे लागतात. तिसरा, रुळाखालचं रबर झिजलं आणि वेळेत बदललं नाही तर काँक्रीटची बैठकच खरवडली जाते, ती दुरुस्त करणं अवघड. आणि आयुष्य संपल्यावर भंगारात किंमत जवळजवळ शून्य.

आतली रचना मात्र सुंदर आहे. ३ मिमी.च्या तीन-तीन तारा वळून केलेले १८ दोर आधी ताणून धरतात, भोवती उच्च ताकदीचं काँक्रीट ओततात, वाफेवर पक्कं करतात आणि मग तारा सोडतात. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीटला कायम दाबून ठेवतात. गाडीच्या भाराने स्लीपर वाकू लागला तरी त्या दाबामुळे चीर उघडत नाही.

११. कसारा घाटात पूर्वी लोखंडी स्लीपर फायद्याचे होते का?

घाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर चाललात की एक मीटर वर. चढताना मागून बँकर इंजिन लावतात, उतरताना ब्रेक सतत धरलेले. उतरणाऱ्या मार्गावर चाकं रुळाला खाली ओढत नेतात, याला क्रीप म्हणतात. लाकडी स्लीपरवर नुसते खिळे असतील तर रूळ खिळ्यांच्या मधून सरकतो आणि त्याला वेगळे अँकर लावावे लागतात. चावीचा स्लीपर, लोखंडी असो वा बिडाचा, रुळाला अधिक आवळून धरतो आणि क्रीपला जास्त विरोध करतो. चाव्या पुढेमागे ठोकून गेज (दोन रुळांमधलं अंतर) थोडंफार जुळवताही येतं, तीव्र वळणावर याचा उपयोग होतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. लोखंडी स्लीपरची उंची कमी, शिवाय एकात एक बसवून रचता येतात. घाटात माल चढवायचा आणि बोगद्यात जागा वाचवायची, दोन्हीला ते सोयीचं. आज मात्र घाटातही क्लिपच्या काँक्रीट स्लीपरने क्रीपचा प्रश्न जास्त चांगला सोडवला आहे (कारण प्रश्न ६ मध्ये).

१२. काँक्रीट इतकं चांगलं तर लोखंडी पुलांवर अजून लोखंडी किंवा लाकडी स्लीपर का दिसतात?

कारण त्या पुलांवर खडीच नसते. पोलादी गर्डरच्या (तुळईच्या) उघड्या पुलावर स्लीपर थेट गर्डरवर बसतो आणि हूक बोल्टने बांधतात. खडीची मऊ गादी नाही, त्यामुळे कडक काँक्रीट तिथे हादरे झेलत नाही, आणि त्याच्या वजनाचा बोजा गर्डरवर पडतो तो वेगळाच. लाकूड तिथे वर्षानुवर्षं उत्तम चाललं: हवं तसं तासता येतं, हादरा खातं. पण चांगलं लाकूड मिळेना, म्हणून पोलादी चॅनेल स्लीपर आले, मग एच-बीमचे. लोखंडी स्लीपरचं आजचं खरं घर पूल आहे असं म्हणायला हरकत नाही. मात्र हा पुलावरचा चॅनेल स्लीपर आणि जुना घमेल्यासारखा स्लीपर यांची गल्लत करू नका. दोघांचं काम आणि बांधणी वेगळी.

दगडी कमानीच्या किंवा काँक्रीटच्या पुलांवर वरती खडी असते. तिथे नेहमीसारखे काँक्रीटचेच, फक्त मुख्य रुळाच्या आत सुरक्षेचा जादा रूळ बसवायची सोय असलेले. मनमाडला रेल्वेचा जुना इंजिनिअरिंग कारखाना आहे, तिथे पुलांचे गर्डर तयार होतात.

१३. प्लास्टिकचे किंवा कंपोझिट स्लीपर म्हणजे काय? तेच पुढे सगळीकडे येणार का?

काचतंतू आणि रेझिन यांपासून केलेले स्लीपर लाकडासारखे कापता, भोकं पाडता येतात, कुजत नाहीत, गंजत नाहीत आणि वीज वाहत नाहीत. म्हणजे लाकडाचे गुण आणि त्याचा शाप नाही. भारतीय रेल्वेने २०२५ मध्ये पूल आणि सांधेबदलाच्या जागांसाठी त्यांचा वापर जाहीर केला, ती जागा योग्यच निवडली. साध्या सरळ मार्गावर मला ते लगेच दिसत नाहीत. हलके आहेत, महाग आहेत, आणि सलग रुळाला लागणारं वजन काँक्रीट स्वस्तात देतं.

१४. परदेशात लोखंडी स्लीपर वापरतात का?

वापरतात. ऑस्ट्रेलियात वाळवी आणि उष्णता आपल्यासारखीच, तिथे जुन्या लाकडी मार्गांवर लोखंडी स्लीपर मोठ्या प्रमाणावर घातले गेले. स्वित्झर्लंडमध्ये अनेक मार्गांवर आहेत. जर्मनीत इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे पोलादी स्लीपर निघाले. ते बाजूला सरकायला चांगला विरोध करतात आणि कडेची खडी कमी लागते. अमेरिकेत आजही बहुतांश मार्ग लाकडावरच आहेत, कारण तिथे लाकूड, क्रिओसोटचे कारखाने आणि ते बसवायची यंत्रं हे सगळं जमलेलं आहे.

१५. मनमाड-औरंगाबाद मीटरगेजचे लोखंडी स्लीपर ब्रॉडगेजला का वापरले नाहीत?

मीटरगेजचा स्लीपर सुमारे १.८ मीटर लांब, ब्रॉडगेजला सुमारे २.७५ मीटर लागतो. जबडेही एक मीटर अंतराला पक्के केलेले. लांबी वाढवता येत नाही, म्हणून गेज बदलताना नवे स्लीपर लागतातच. जुने उरले तर दुसऱ्या मीटरगेज मार्गाला किंवा लिलावाला.

१६. द्राक्षबागेला, गेटला किंवा मोरीला जुने स्लीपर वापरायचे आहेत. विकत मिळतात का? काही धोका?

मिळतात, फक्त लिलावातून. रेल्वे भंगाराचा लिलाव ऑनलाइन करते. खरेदीचा कागद जपून ठेवा. कुणी रुळाकडचा "पडलेला" स्लीपर स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा, १९६६ नुसार असा माल जवळ सापडला तर तो आपल्याकडे रीतसर आला हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

लोखंडी आणि बिडाचे शेतात बिनधास्त वापरा. पाटावर छोटी मोरी करायला लोखंडी स्लीपर उत्तम. लाकडी मात्र क्रिओसोट पाजलेले असतात. ते कर्करोगाला कारण होऊ शकणारं रसायन आहे, लाकडातून वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि उन्हात जास्त. फाटकाला, बाहेरच्या कुंपणाला ठीक. वेलीच्या मुळाशी, भाजीच्या वाफ्याला, विहिरीच्या काठाला, गुरांच्या गव्हाणीला नको. आणि त्याचं सरपण कधीच करू नका, चुलीला नाही, हुरड्याच्या आगटीला तर नाहीच. द्राक्षाच्या मांडवाला नेहमीचे लोखंडी अँगलच बरे.

१७. एकाच मार्गात लोखंडी आणि काँक्रीटचे आलटून पालटून टाकले तर चालतं का? आणि फुटलेला स्लीपर दिसला तर काय करायचं?

मिसळणं टाळायचं असतं. काँक्रीटचा स्लीपर कडक आणि जड, लोखंडीचं पोट आधी बसतं. पोट भरेपर्यंत लोखंडी खाली दबतो आणि त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या काँक्रीटवर जातो, दोघांचंही नुकसान. ऑस्ट्रेलियात लाकडांमध्ये लोखंडी मिसळतात ते ठरवून, दर किती स्लीपरमागे एक हा क्रम पक्का ठेवून आणि खडी लगेच ठोकून. दोन प्रकारचे पट्टे एकमेकांना भिडतात तिथेही हाच फरक असतो, म्हणून तो सांधा फिशप्लेटच्या जोडापासून आणि पुलाच्या तोंडापासून लांब ठेवतात.

फुटलेल्याचं सांगायचं तर एखादा स्लीपर तडकला म्हणून गाडी पडत नाही, भार शेजारचे घेतात. लागोपाठ दोन-तीन खराब दिसले, क्लिपा एका ओळीने गायब दिसल्या, रूळ बाजूला वळलेला वाटला किंवा खडी वाहून स्लीपर अधांतरी दिसला, तर मात्र थांबू नका. रुळावर चालत जाऊन बघायचं नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जवळच्या फाटकवाल्याला किंवा स्टेशन मास्तरांना सांगा, नाहीतर १३९ ला फोन करा. जागा सांगताना शेजारच्या विजेच्या खांबावरची पाटी वाचा. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. अप की डाऊन ते कळत नसेल तर गाडी मनमाडकडे जाणारी की मुंबईकडे एवढं सांगितलं तरी दुरुस्तीची गँग नेमकी तिथे पोहोचते.